सुपरमार्केट, दारू आणि शेजाऱ्यांची हरकत: ऐकलेलं आणि खरं

खालच्या सुपरमार्केटची वेळ वाढणार आहे आणि तिथे दारूही ठेवणार आहेत, अशी कुणकुण लागली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आधी सह्या गोळा होतात. निवेदन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जातं, नगरसेवकाला फोन होतात आणि महिने निघून जातात. त्रास खरा असतो, सह्याही खऱ्या असतात. पण मद्यविक्रीचा परवाना महापालिका देतच नाही. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाचा विषय आहे आणि जिल्ह्यात त्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. निवेदनाची पहिली प्रत तिथे गेली पाहिजे.

दुसरा गैरसमज वेळेचा. ‘आता दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतात, म्हणजे दारूही रात्रभर मिळणार,’ असं अनेकजण धरून चालतात. दुकानं व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्याने चोवीस तासांची मुभा दिली हे खरं. पण मद्यविक्री आणि मद्यपानाच्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत, आणि 1 ऑक्टोबर 2025 च्या शासन निर्णयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. दूध-पाव पहाटे तीनला विकणाऱ्या दुकानाला त्या वेळी बिअर विकता येणार नाही. मद्यविक्रीची वेळ दुकानदाराच्या अर्जावर किंवा शेजाऱ्यांच्या संमतीवर ठरत नाही. ती राज्याच्या नियमांनी परवान्याच्या प्रकारानुसार ठरते. शहरातल्या साध्या वाइन शॉपचं शटर रात्री साडेदहाला खाली यायला हवं. ‘उच्चतम’ श्रेणीच्या दुकानाला मात्र साडेअकरापर्यंत मुभा असते, म्हणून अकराला उघडं दिसलेलं प्रत्येक दुकान बेकायदा नसतं. नाताळ आणि वर्षअखेरीला, म्हणजे 24, 25 आणि 31 डिसेंबरला, सरकार रात्री एकपर्यंत वेळ वाढवून देतं. ही वाढ त्या त्या रात्रीपुरतीच असते.

‘सरकारने सुपरमार्केटला दारू विकायची परवानगी दिली आहे,’ हे वाक्य तर 2022 पासून फिरतं आहे. त्या वर्षी 27 जानेवारीला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वेगळ्या कपाटातून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. फक्त वाइन; व्हिस्की-रम नाही. गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यातच आहे, कारण आपल्याकडे ‘वाइन शॉप’ म्हणजे सगळ्या प्रकारची दारू मिळणारं दुकान. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळची दुकानं, तसंच वर्धा-गडचिरोलीसारखे दारूबंदीचे जिल्हे त्या निर्णयातून वगळले होते. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या, पुढे सरकार बदललं आणि निर्णय अंमलात आलाच नाही. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असंही तेव्हा बोललं गेलं. कायद्याच्या व्याख्येत वाइन हे मद्यच आहे आणि ती विकत घ्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण असावी लागतात; व्हिस्की-रमसाठी 25.

मग सोसायटीखाली ‘नवं’ वाइन शॉप येतं कुठून? बहुतेक वेळा ते नवं नसतंच. वाइन शॉपचे नवे परवाने 1970 च्या दशकापासून गोठलेले आहेत. जुना परवाना दुसऱ्या भागातून स्थलांतरित होऊन येतो. हे स्थलांतर मंजूर होण्याआधीची हरकत सगळ्यात वजनदार असते, आणि नेमक्या त्याच वेळी रहिवाशांना काही कळत नाही. गाळ्याला रंग लागला, फ्रीज आले, की मग धावाधाव. पिंपरी-चिंचवडमधल्या अशाच तक्रारी विधानसभेत आल्यावर, मार्च 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलं, की सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. माझ्या मते हा रहिवाशांच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. तो सर्वसाधारण सभेत चर्चा करूनच द्यावा किंवा नाकारावा. दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांवर सोडू नये.

दुकान सुरू झालं की सगळं संपलं, हेही खरं नाही. 2008 च्या आदेशानुसार वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी 25 टक्क्यांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावं लागतं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अडचण पुढे आहे. बंदीसाठी यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागत. यादीत 4,000 नावं असतील, 2,200 जण आले आणि त्यातल्या 1,900 जणांनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच. कारण 2,001 हवीत. जे आलेच नाहीत, त्यांचं मत जणू उभ्या बाटलीला. महापालिकेच्या निवडणुकीलाही जिथे जेमतेम निम्मे पुणेकर बाहेर पडतात, तिथे ही अट शहरी वॉर्डाला जवळपास अशक्य होती. मार्च 2025 च्या त्याच घोषणेत, महापालिका वॉर्डात झालेल्या मतदानाच्या 75 टक्के मतं बंदीच्या बाजूने पडली तर दुकान बंद होईल, असं सांगितलं गेलं. या हिशेबात वरचे 1,900 म्हणजे 86 टक्के. मोहीम उभारण्याआधी विभागाकडून सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत मात्र मागून घ्यावी.

रोजच्या त्रासाला मतदानाची वाट पाहायची गरज नाही. फुटपाथवर बसून पिणं हा पोलिसांचा विषय आहे, 112 वर कळवता येतो. वेळेनंतरची विक्री उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे न्यावी, आणि सोबत तारीख, दुकानाच्या परवान्याचा प्रकार आणि मिळालं तर वेळ छापलेलं बिल जोडावं. ‘आम्हाला फार त्रास होतो’ या ओळीपेक्षा 10 वाजून 52 मिनिटांचं बिल अधिकाऱ्याला बाजूला सारणं अवघड जातं.