स्पोर्ट्स कार आणि रोजचा रस्ता
स्पोर्ट्स कारमधून रोज कामावर जाता येते का? होंडाने १९९० मध्ये ‘एनएसएक्स’ आणून ते शक्य असल्याचे दाखवले. इंजिन आसनांच्या मागे, बांधा ॲल्युमिनियमचा. तरीही क्लच हलका आणि समोरचा रस्ता मोकळा दिसणारा. चालकाला छळते तीच अस्सल गाडी, हा समज तिने मोडला.

गोव्यात मात्र खरी परीक्षा गतिरोधक घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. एवढ्या रुंदीत चढ सौम्य राहतो. वाड्यावाड्यांवर अनेकदा उंची तेवढीच आणि रुंदी जेमतेम हातभर असते. तेथे बुटक्या गाडीचा पुढचा बंपर आधी घासतो. तो सुटलाच, तर पुढच्या-मागच्या चाकांमधले पोट टेकते. पोर्शे ९११ मध्ये बटण दाबून नाक सुमारे ४ सेंटीमीटर उचलण्याची सोय घेता येते. पोटाला तिचा आधार अपुराच.

पावसाळ्यात रुंद टायरखालचे पाणी लवकर बाजूला सरत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगू लागते. झिजलेल्या टायरवर तर अधिकच. म्हणून खरेदीपूर्वीची फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर न मारता घर ते कार्यालय अशी मारावी, फाटकाजवळच्या उतारासह.