सोन्याचा कानोसा

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात आव्होका, कॅसलमेन आणि वेडरबर्न या गावांच्या दरम्यानचा प्रदेश ‘सुवर्ण त्रिकोण’ म्हणून ओळखला जातो. 1851 पासून हजारो लोकांनी तो उकरून काढला, तरीही हौशी शोधकांची पावले आजही तिकडे वळतात. कारण जुन्या खणकांची सारी भिस्त डोळ्यांवर, कुदळीवर आणि मातीच्या धुलाईवर होती, त्यामुळे वीतभर मातीखाली सुटा पडलेला खडा त्यांच्या नजरेतून सहज निसटे. किंगोवर गावाजवळ 1980 साली मेटल डिटेक्टरने सापडलेला सुमारे 27 किलो वजनाचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सुवर्णखंड असाच निसटलेला होता. नवशिक्याने मात्र त्यावरून आपल्या अपेक्षा ठरवू नयेत, कारण बहुतेकांच्या हाती प्रथम लागतो तो ग्रॅमभरही न भरणारा कण, आणि तोही कित्येक दिवस रिकाम्या हाताने परतल्यानंतर.

शिकण्याचा आरंभ यंत्राच्या मर्यादेपासून व्हावा. मेटल डिटेक्टरला सोने ओळखता येत नाही, त्याला विद्युत्वाहक वस्तू जाणवते. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तारेच्या गुंडाळीतून, म्हणजे कॉइलमधून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते, त्यामुळे तेथील धातूमध्ये भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र यंत्र टिपून त्याचे ध्वनीत रूपांतर करते. अतिनिम्न वारंवारतेची यंत्रे अखंड लहरी सोडतात, वजनाने हलकी असतात आणि लोखंड बऱ्यापैकी वेगळे ओळखतात. स्पंद पद्धतीची यंत्रे क्षणभराचा जोरदार स्पंद सोडून थांबतात व प्रवाह विरत असताना त्याचा कानोसा घेतात, त्यामुळे ती लोहयुक्त जमिनीत अधिक खोलवर पोहोचतात, पण खिळा आणि सोने यांतला भेद सांगण्यात कमी पडतात.

खरी अडचण जमिनीचीच असते. सुवर्ण त्रिकोणातील माती पुष्कळ ठिकाणी लोहखनिजांनी भरलेली, कोकणातील जांभ्याच्या तांबडेपणाची आठवण करून देणारी आहे, आणि ही खनिजेही यंत्राला प्रतिसाद देतात. म्हणून कॉइल जमिनीवर हळूहळू वरखाली करून यंत्राला त्या मातीची सवय लावावी लागते. यास भूसंतुलन म्हणतात, आणि माती बदलली की ते पुन्हा करावे लागते. ज्याला या एका गोष्टीचा कंटाळा येतो, त्याला महागडे यंत्रही फारसे उपयोगी पडत नाही. कानाला तयार करण्यासाठी शिशाचे लहान तुकडे वेगवेगळ्या खोलीवर पुरून त्यांचे आवाज ऐकणे हा उत्तम सराव होय. हेडफोनमधून सतत येणाऱ्या मंद गुंजनात पडणारी किंचितशी लहर ऐकू येऊ लागली की शिक्षण मार्गी लागले असे समजावे. त्यासाठी कॉइल जमिनीला समांतर, जवळजवळ टेकवून, संथपणे आणि आधीच्या फेऱ्याचा काही भाग पुन्हा व्यापत फिरवावी लागते.

आवाज आला की आधी वरची माती दूर सारून तो टिकतो का, हे पाहावे. टिकाव किंवा कुदळीला जोडलेल्या चुंबकाने लोखंडी कपचे उचलले जातात. उरलेली माती प्लास्टिकच्या पळ्यात घेऊन कॉइलवरून फिरवावी, आवाज येत असल्यास निम्मी बाजूला काढावी, आणि असे अर्धे-अर्धे करत मुठीत राहील एवढ्या मातीपर्यंत पोहोचावे. बहुतेक वेळा हाती येतो तो खिळा किंवा बंदुकीचा छर्रा.

शोधाची जागा भूगर्भच सुचवतो. गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमधले सोने खडक झिजल्यावर मोकळे होते आणि पाण्याहून सुमारे 19 पट जड असल्यामुळे शिरेच्या आसपास उतारावर किंवा ओढ्याच्या तळाशी साचते. सराफांच्या दुकानांतील केर-माती धुऊन सोने काढणारे झारेकरी धातूच्या याच जडपणाचा आधार घेत आले आहेत. सुवर्ण त्रिकोणातीलच मोलियागुल येथे 1869 साली मिळालेला, सुमारे 70 किलो सोन्याचा ‘वेलकम स्ट्रेंजर’ जमिनीखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर होता. जुन्या खणींच्या कडा आणि मातीचे ढिगारे म्हणूनच आधी धुंडाळावेत, मात्र उघड्या विहिरीवजा खाणींपासून जपून राहावे.

व्हिक्टोरियात यासाठी ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो. दरमहाच्या जाचक परवाना शुल्काविरुद्ध बॅलरॅटच्या खणकांनी डिसेंबर 1854 मध्ये युरेका येथे लढा दिला, त्यानंतर 1855 साली हा हक्क अस्तित्वात आला, आणि आज तो दहा वर्षांसाठी मिळतो. भारतातही 1957 च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्यावाचून खनिजशोध करता येत नाही. व्हिक्टोरियातील परवानाधारकासही केवळ हाताची अवजारे वापरता येतात, खाजगी जमिनीवर मालकाची संमती घ्यावी लागते, आदिवासी वारशाच्या जागांना धक्का लावता येत नाही, आणि सोने मिळो वा न मिळो, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवूनच पुढे जावे लागते.