दोन गावांचा नाताळ

लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात सासूबाईंनी परातीत माती पसरून नाचणी पेरलेली पाहिली, तेव्हा मला नगरच्या शेजारच्या काकूंचा नवरात्रातला घट आठवला. "आई, हे कशाला?" मी विचारले. "गव्हाणीला शेत नको?" त्या म्हणाल्या आणि हाताने पाणी शिंपडू लागल्या. नाताळपर्यंत ती नाचणी बोटभर वाढली, आणि मग तिच्यात मातीच्या मेंढ्या चरायला सोडल्या गेल्या.

मी नगरची. २०२४ साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले, पण माहेराचे नाव जिभेवरून इतक्या सहज उतरत नाही. तिथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले, आणि आमचे घराणे त्या मंडळीतले. सासर वसईचे, कॅथलिक. पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईत आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना घालवले; देवळे आणि 'नाताळ' हा शब्द मात्र मागे राहिला. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "दोघेही ख्रिश्चन, मग अडचण कसली?" आता त्यांना काय सांगायचे! कोकणस्थ-देशस्थांच्या लग्नात नुसत्या आमटीच्या गुळावरून वर्षभर धुसफूस चालते, इथे तर चारशे वर्षांचा हिशेब मध्ये उभा.

आमच्या लहानपणीचा नाताळ म्हणजे थंडी आणि गाणी. चोवीस तारखेच्या रात्री कानटोप्या घालून आमची फेरी निघायची. पप्पांच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पेटी, एका काकांकडे ढोलकी, आणि टिळकांची भजने. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले, त्यामुळे आमच्या गाण्यांना परकेपणाचा वास कधी आला नाही. एकेका दारात दोन गाणी, मग चहा आणि चिवडा. पहाटे घरी परतताना घसा पार बसलेला असे. गव्हाणी आम्ही कधी केली नाही. मूर्ती म्हटले की पप्पांच्या कपाळाला आठी पडायची.

आणि दारू म्हटले की दोन आठ्या. मिशनच्या वळणातले घर ते, दारूचा थेंबही उंबऱ्याच्या आत यायचा नाही. वसईच्या घरी मात्र घरची द्राक्षाची वाइन ही पाहुण्याच्या मानाची गोष्ट. २०१८ साली आई गेली. पुढच्या नाताळला पप्पांना एकटे कसे ठेवायचे, म्हणून त्यांना वसईला आणले. मिस्सेहून परतल्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने छोटा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला. पप्पांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. एवढेच. पण सासऱ्यांचा चेहरा उतरला, आणि सव्वीस तारखेला सकाळी पप्पांनी एसटी गाठली. चूक कोणाची, हे मी आजही सांगू शकणार नाही. सासऱ्यांना आधी सांगून ठेवायला मी हवे होते, ही टोचणी मात्र माझी.

पुढची दोन वर्षे पप्पा आले नाहीत. कोरोनाचे निमित्त होतेच. २०२१च्या डिसेंबरात माझ्या पाच वर्षांच्या लेकीने फोनवर सरळ विचारले, "आजोबा, तुम्ही रुसलात का?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग सासूबाईंनी तिच्या हातून फोन घेतला. "व्याही, पोरीला तुमची फेरी बघायची आहे. पेटी घेऊन या."

पप्पा आले ते २०२२ला, पेटी गोधडीत गुंडाळून. सासऱ्यांनी त्या रात्री तेच ग्लास काढले आणि सगळ्यांच्या ग्लासात कोकम सरबत ओतले. रंग तोच! पप्पांनी आधी वास घेतला, मग हसले. दोघा व्याह्यांत खरी गट्टी मात्र ग्लासाने नाही, पुस्तकाने जमवली. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही ओवीबद्ध मराठीत, हा सासऱ्यांचा अभिमानाचा विषय. पप्पांनी त्यावर टिळक काढले. रात्री एक वाजेपर्यंत दोघे ओवी थोर की अभंग, यावर भांडत होते.

आता आमच्या घरी फेरी निघते, चारच घरांची. थंडी नाही, कानटोपी नाही, केळीच्या बागेतून डास चावतात. शेजाऱ्यांना पाठ नाहीत अशी गाणी आम्ही म्हणतो, ते टाळ्या देतात. करंज्या नगरच्या पद्धतीच्या होतात, इंद्याल वसईचे. पप्पा मिस्सेला येतात, पण मागच्या बाकावर बसतात आणि कम्युनियनच्या वेळी जागचे उठत नाहीत. लेकीचे पहिले कम्युनियन व्हायचे आहे. त्याबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत. मीही विचारलेले नाही.

वसईच्या दमट हवेने पेटीच्या दोन पट्ट्या अडकतात. दरवर्षी पप्पा कुरकुरत तिला परत नगरला नेऊन दुरुस्त करतात. गेल्या नाताळला एसटीची वेळ झाली, तरी त्यांनी पेटी गोधडीत बांधली नव्हती. लेकीने आठवण केली, तर म्हणाले, "राहू दे इथेच. तू वाजवत राहिलीस तर नाही अडकायच्या."