हौशी स्पर्धा आणि व्यावसायिक खेळाडू

जो खेळण्यासाठी पैसा घेतो तो व्यावसायिक आणि जो घेत नाही तो हौशी, अशी व्याख्या एके काळी पुरेशी होती. तीत कौशल्याची उणीव मुळीच अभिप्रेत नव्हती. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ साली जिंकलेले बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद हौशींचेच होते. पुढे ही भिंत ढासळत गेली. विम्बल्डनची टेनिस स्पर्धा १९६८ मध्ये व्यावसायिकांना खुली झाली. बिलियर्ड्समध्ये गीत सेठी यांनी १९८५ साली हौशींचे आणि १९९२ साली व्यावसायिकांचे जागतिक विजेतेपद मिळविले.

अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या पूल या खेळात मात्र हा वाद निराळ्या स्वरूपात टिकून आहे. तेथील लहान स्पर्धांत प्रत्येक खेळाडू प्रवेशशुल्क भरतो आणि जमलेल्या रकमेतूनच बक्षिसे दिली जातात. म्हणजे पैसा हौशी खेळाडूलाही मिळतो. तेव्हा जुनी व्याख्या येथे निरुपयोगी ठरते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी खेळावयास येणाऱ्याची तक्रार अशी की, व्यावसायिक खेळाडू आला की बक्षीस त्याचेच ठरलेले. उलटपक्षी, मोठ्या खेळाडूशी दोन हात केल्यावाचून खेळ सुधारत नाही, असेही पुष्कळांचे मत आहे.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु निर्णय गणितावर अवलंबून असतो. फार्गोरेट या गुणांकन पद्धतीत १०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढ खेळाडू दुसऱ्याच्या दुप्पट डाव जिंकतो असे मानतात. याचा अर्थ, एखादा डाव जिंकण्याची दुर्बळ खेळाडूची शक्यता एक तृतीयांश असते. परंतु जो प्रथम पाच डाव जिंकेल तो विजयी, असा सामना ठेवला की ती शंभरात सुमारे १४ वर येते. अंतर २०० गुणांचे असेल, तर शंभरात जेमतेम २ उरते. सामना जितका लांबेल, तितका दैवाचा भाग कमी होतो. अशा स्थितीत प्रवेशशुल्क ही दुर्बळाने सबळाला दिलेली खंडणीच होय.

यावर हँडिकॅप हा उपाय आहे. पहिल्या उदाहरणात वरचढ खेळाडूस पाच, पण दुसऱ्यास तीनच डाव जिंकावयाचे असतील, तर दुसऱ्याची शक्यता शंभरात सुमारे ४३ होते. अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन ही हौशींची संस्था याच तत्त्वावर चालते. आणि तिची स्थापना दोघा व्यावसायिक खेळाडूंनीच केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या उपायातही एक दोष आहे. हँडिकॅप मिळावा म्हणून काही खेळाडू आपले कौशल्य मुद्दाम लपवितात. प्रसिद्ध व्यावसायिकाचे बळ सर्वांना ठाऊक असते. लपलेला हौशी मात्र नकळत फसवितो, आणि अधिक अन्याय त्याच्याकडूनच घडतो.

तेव्हा प्रश्न नावाचा नसून अंतराचा आहे. स्पर्धा खुली आहे की मर्यादित आणि हँडिकॅप कोणता, हे आयोजकांनी शुल्क घेण्यापूर्वीच जाहीर करावे. खुल्या स्पर्धेत व्यावसायिकाचे स्वागत असावे. मर्यादित स्पर्धेत त्याने प्रेक्षक व्हावे. सामान्य खेळाडू कंटाळून घरी बसू लागले, तर उद्याचा व्यावसायिकही कोठून निर्माण होणार?