मैत्रिणीला जेआरएफ मिळाली तेव्हा : मत्सर आणि मानसोपचार



आजचा विषय संशोधनाचा आहे, पण सुरुवात माझ्यापासून करते, कारण हा विषय मी आधी भोगला आणि मग वाचला.

श्रीरामपूरला आम्ही दोघी मैत्रिणी एकाच टेबलावर बसून नेटचा अभ्यास करायचो. पेपर एक एकत्र, विषयाचा पेपर आपापला. निकाल लागला. तिला जेआरएफ मिळाली आणि मला नुसतं नेट, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता आली, फेलोशिप नाही. जानेवारी २०२३पासून जेआरएफची रक्कम महिना ३७,००० रुपये झाली आहे. आमच्यासारख्या घरात हा आकडा किती मोठा असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिचा फोन आला. मी तो वाजू दिला. रात्री मेसेज टाकला, 'अभिनंदन गं! बाहेर गेले होते.' मी बाहेर गेलेच नव्हते. फोन समोर ठेवून तो बंद व्हायची वाट बघत होते. पुढचे दोन महिने मी एकदोघांना सांगत राहिले, की तिच्या विषयाला स्पर्धाच कमी असते. तेव्हा कोणी मला 'तू जळतेस' म्हटलं असतं, तर मी भांडले असते.

आधी शब्द नीट करू

बोलताना आपण सगळ्यालाच 'जेलसी' म्हणतो. संशोधनात मात्र दोन भावना वेगळ्या धरतात. आपल्याजवळचं माणूस किंवा नातं तिसरं कोणी हिरावून नेईल अशी भीती वाटते, ती एक. तिथे तीन माणसं असतात. दुसऱ्याकडे असलेली गोष्ट आपल्याकडे नाही याचा सल, ही दुसरी. तिथे दोनच माणसं पुरतात. आपण या दुसरीबद्दल बोलतोय.

तिच्यातही दोन जाती आहेत, आणि मराठीला त्या आधीच माहीत आहेत. 'हेवा वाटावा असं अक्षर' हे कौतुक असतं. 'मत्सर वाटावा असं अक्षर' असं सहसा कोणी म्हणत नाही. डच भाषेतही असे दोन शब्द आहेत. नील्स फान द फेन आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये तिथूनच सुरुवात केली. मग जिथे एकच शब्द आहे अशा अमेरिकेत आणि स्पेनमध्ये त्यांनी लोकांना आपले अनुभव वर्णन करायला सांगितले. तिथेही दोन प्रकार वेगळे निघाले. एकात माणसाला स्वतः वर जावंसं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढावंसं वाटतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबा. उद्या तुम्ही इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणलीत आणि भाषांतरात 'हेवा' लिहिलं, तर एक उत्तर येईल. 'मत्सर' लिहिलं, तर दुसरं. आकडे चोख असतील, पण मोजलं काय हा प्रश्न उरेल.

जवळच्याचाच का?

मुकेश अंबानींच्या घराचा मला कधी त्रास झाला नाही, मैत्रिणीच्या फेलोशिपचा झाला. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. त्यातली एक मुख्य गोष्ट अशी, की स्वतःला जोखायला माणूस आपल्यासारखी माणसं निवडतो. पुढे अब्राहम टेसर यांनी त्यात भर घातली. माणूस जवळचं असेल आणि ज्या गोष्टीत ते पुढे गेलं, ती आपल्या 'मी कोण' या कल्पनेच्या मध्यभागी असेल, तर ते यश बोचतं. तीच मैत्रीण गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली असती, तर मी गावभर सांगत सुटले असते.

मेंदूतही याची खूण दिसते. हिदेहिको ताकाहाशी यांच्या गटाचा अभ्यास २००९मध्ये 'सायन्स'मध्ये आला. आपल्याशी मिळतंजुळतं, पण आपल्यापेक्षा सरस पात्र वाचताना एरवी वेदना आणि संघर्षाशी जोडला जाणारा मेंदूचा एक भाग अधिक सक्रिय झाला. त्याच पात्रावर संकट आलं, तेव्हा बक्षिसाशी जोडलेला भाग सक्रिय झाला. हा अभ्यास १९ जणांवरचा होता, एवढं लक्षात ठेवूनच तो वाचायचा.

उपचाराच्या खोलीत मत्सर वेषांतर करून येतो

षड्रिपूंच्या यादीत शेवटचं नाव मत्सराचं. लोक एकवेळ रागाची कबुली देतात, मत्सराची देत नाहीत. समुपदेशकाकडे येणारा माणूस म्हणतो, 'झोप लागत नाही', 'अभ्यासात मन लागत नाही', 'आजकाल सगळीकडे वशिलाच चालतो.' मीही पुण्यात एका समुपदेशक ताईंकडे गेले, ती 'एकाग्रता होत नाही' म्हणून. तिसऱ्या भेटीत त्यांनी सहज विचारलं, "निकालाच्या दिवशी सगळ्यात आधी कोणाचा फोन आला होता?" मला रडू फुटलं.

मेलनी क्लाइन यांनी १९५७च्या 'एन्व्ही अँड ग्रॅटिट्यूड'मध्ये याहून अवघड गोष्ट लिहिली आहे. रुग्णाला कधी कधी उपचारकाचाच मत्सर वाटतो. उपचारकाने दिलेली चांगली समज त्याला उपयोगी पडते, पण ती देणारा दुसरा कोणी आहे हेच सहन होत नाही. मग तो ती समज मनातल्या मनात मोडीत काढतो. गाइडने केलेली अचूक दुरुस्ती आपल्याला कधी कधी इतकी का झोंबते, याचा विचार करून बघा.

मग काम कसं करतात?

महाराष्ट्रात या कामाची एक ठळक वाट आहे, विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे आरईबीटीची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही मराठी कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. याच परंपरेतले विंडी ड्रायडन निरोगी आणि अनारोग्यकारक मत्सर असा फरक करतात.

मुद्दा असा, की घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विश्वास असतो. माझ्या बाबतीत मांडून दाखवते.

घटना : तिला फेलोशिप मिळाली, मला नाही.
विश्वास : मला मिळायलाच हवी होती. नाही मिळाली, म्हणजे मी कमी प्रतीची आहे.
परिणाम : फोन न उचलणं, तिचं यश छोटं करणं, पुस्तक उघडून तासभर तेच पान.

ताईंनी मला 'मत्सर वाईट, सोडून दे' असं म्हटलं नाही. फेलोशिप हवीशी वाटणं त्यांनी जसंच्या तसं ठेवलं. 'हवी' आणि 'मिळायलाच हवी' यांत फट पाडली. मग विचारलं, "परीक्षेत कमी पडणं आणि माणूस म्हणून कमी असणं, यांतला पूल कोणी बांधला?" शेवटी गृहपाठ दिला, की मैत्रिणीला फोन करायचा आणि तिने तयारी कशी केली ते विचारायचं. विचार बदलला की नाही, हे वागण्यात तपासायचं असतं.

एक सावधगिरी

प्रत्येक तक्रार म्हणजे मत्सर नव्हे. फेलोशिपचे पैसे महिनोन् महिने अडकले, निवडीत पक्षपात झाला, तर तो अन्याय आहे आणि त्याला अर्ज, पाठपुरावा, आवाज हेच उपाय आहेत. उपचारकाने तिथे 'तुम्हाला हेवा वाटतोय' म्हणणं ही चूक ठरेल. मी स्वतःला एक प्रश्न विचारते : नियम सुधारला तर माझं समाधान होईल, की समोरची व्यक्ती खाली आली तरच होईल? पहिलं असेल तर लढायचं. दुसरं असेल तर आधी आत बघायचं.

मी फोन केला. "त्या दिवशी मी घरीच होते," म्हटलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं गं. म्हणून परत केला नाही." मग तिने तिच्या नोट्सचं वेळापत्रक सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

मत्सर संपला का? नाही. गेल्या महिन्यात लॅबमधल्या एकाचा पेपर स्वीकारला गेला, तेव्हा पोटात तीच ओळखीची कळ आली. आता तिला नाव आहे, आणि ती काय मागतेय हे मी विचारू शकते. तेव्हा तिचं उत्तर होतं, 'तुझा मसुदा तीन आठवडे उघडलेला नाहीस.'

पीएच.डी.च्या वाटेवर तुम्हाला ही कळ येणारच, कारण इथे सगळे आपल्यासारखेच असतात आणि सगळ्यांना तेच हवं असतं. ती येईल तेव्हा एका कागदावर घटना, विश्वास, परिणाम लिहून बघा. आणि झोप, जेवण, जगण्याची इच्छा यांवरच परिणाम होऊ लागला, तर एकट्याने झुंजू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मदत मागणं हाही तयारीचाच भाग आहे.