नकाराचे पत्र

गेल्या वर्षी आमच्या भाभींच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठता यादीत भाभींचे नाव पहिले. सव्वीस वर्षांची नोकरी, गणिताच्या शिक्षिका म्हणून गावभर नाव. तरी आठ दिवसांत त्यांनी लिहून दिले, "कौटुंबिक कारणास्तव मला हे पद नको." यादीतले पुढचे सर मुख्याध्यापक झाले. सगळे म्हणाले, "बाईंनाच नको होते."

आम्हीही तेच सांगत फिरलो. पण खरे सांगायचे तर ते पत्र भाभींनी एकट्यांनी लिहिले नव्हते. त्या आठ दिवसांत अम्मी म्हणाल्या, "यायला उशीर झाला तर रोट्या कोण करणार?" भाईजान म्हणाले, "पगार वाढणार थोडा, कटकट मात्र दुप्पट." संस्थेच्या एका सदस्यांनी फोनवर काळजी दाखवली, "सरकारी कार्यालयांत चकरा माराव्या लागतात, बाईमाणसाला जमेल का?" आम्ही बाकीचे गप्प बसलो. 'घेऊ नका' असे कोणीच म्हटले नाही. पण 'घ्या, आम्ही आहोत' असेही कोणी म्हटले नाही.

नोकरी करणाऱ्या बाईची वाट बहुधा अशीच अडते. कायदा तिच्या बाजूने थोडाफार उभा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण बढतीबरोबर बदली आली, की पुरुषाचे घर त्याच्यामागे जाते आणि बाईची बढती मागे राहते. महत्त्वाच्या गोष्टी कामाची वेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर ठरतात. तेव्हा ती बस पकडायला धावत असते.

न्यायमूर्ती फातिमा बीवी यांचे उदाहरण आपल्या घरांत सांगितले जावे असे आहे. केरळच्या पतनमतिट्टा येथे १९२७ साली त्यांचा जन्म झाला. कायदा शिकण्यासाठी त्यांना वडिलांनी प्रोत्साहन दिले. १९५० मध्ये त्यांनी वकिली सुरू केली, १९५८ मध्ये मुन्सिफ झाल्या, १९८३ मध्ये उच्च न्यायालयात पोहोचल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. या वाटचालीच्या सुरुवातीला घरातला एक माणूस "शिक" म्हणणारा होता, हे विसरता कामा नये.

हजरत खदीजा (र.) यांच्या व्यापाराचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, हे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे. पहिली गोष्ट आपण व्याख्यानात सांगतो. दुसरी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतच नाही.

सध्याचे सर दोन वर्षांनी निवृत्त होतील. भाभींची तोवर नोकरी शिल्लक आहे. परवा जेवताना अम्मींनीच विषय काढला, "पुन्हा विचारले तर काय सांगशील?" भाभी काही बोलल्या नाहीत. भाईजान ताटे उचलत म्हणाले, "या वेळी पत्र लिहायचे नाही."

भाभींनी त्यांच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "मग रोट्या आजपासूनच शिका."

दुसऱ्या दिवशीच्या रोट्या वाकड्या होत्या. आम्ही सगळ्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या.