जावाच्या ॲरेचं टोक कुठे आहे?

जावात ॲरेचा इंडेक्स ‘इंट’ असतो. ‘लाँग’ दिलात तर कंपायलर दारातूनच परत पाठवतो. म्हणजे एका ॲरेत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ घटक. प्रत्यक्षात त्याहूनही किंचित कमी. १९९५ साली एवढी मेमरी होती कोणाकडे? तेव्हा निर्णय रास्तच होता.

खरी गंमत बायनरी सर्चमध्ये. मधला इंडेक्स काढायला आपण सगळेच (लो + हाय) / २ लिहितो. समजा लो १५० कोटी आणि हाय २०० कोटी. बेरीज ३५० कोटी, ती इंटमध्ये मावत नाही, उलटून उणे ७९,४९,६७,२९६ होते. निम्मी केली तरी उणेच. मग काय, ॲरेबाहेर पाय पडला आणि एक्सेप्शन! हा बग जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होता. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी, ज्यांनी तो कोड लिहिला होता, त्याबद्दल जाहीर लिहिलं. उपाय सोपा: लो + (हाय - लो) / २.

कलेक्शनच्या ‘साइझ’चा करार तर भन्नाट आहे. घटक इंटच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असले, तर ती कमाल संख्याच परत द्यायची. चक्क अधिकृत थाप! २०१४ मध्ये स्ट्रीम्स आल्या, तेव्हा ‘काउंट’ला मात्र लाँग दिला.

सी++ मधला चिन्हविरहित ‘साइझ टी’ मला तितकासा रुचत नाही. शून्यातून एक वजा केला की आकडा थेट आभाळाला भिडतो.

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर पॅरामीटरचा टाइप आधीच नीट ठरवा. नंतर बदललात, तर वापरणाऱ्यांचा कोड मोडतो.